हरलं की वर्ष संपलं

सकाळचे दहा वाजायला दहा मिनिटं कमी होती, तेव्हा त्या पोराचं फुटबॉलचं वर्ष संपलं.

जुलैचा दुसरा आठवडा. जळगावात रात्रभर रिपरिप चालली होती. मैदानाच्या एका अंगाला गुडघ्याएवढं गवत, दुसऱ्या अंगाला चिखल. सुब्रतो मुखर्जी स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या सुरू होत्या. बरेच संघ दप्तरं पाठीला लावूनच आले होते, कारण सामना आटोपला की पोरांना शाळा गाठायची होती. टेबलावर प्लास्टिकच्या कागदाखाली ओळखपत्रं, जन्मदाखले, मुख्याध्यापकांच्या सह्या. संघ जास्त आणि दिवस लहान, म्हणून दहा-दहा मिनिटांचे दोन डाव.

तो सातवीतला. अंगानं काटक, डाव्या पायाचा, मांडीपर्यंत लोंबणारा टी-शर्ट. दुसऱ्या डावात त्याच्याकडे एक पास आला. चेंडू पोचायच्या आधीच त्यानं मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतलं, चेंडू डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं अलगद वळवला आणि अंगावर आलेला उंच मुलगा रिकाम्या जागेत धावत गेला. दोनच सेकंदांची गोष्ट. मान वळवून आधी पाहणं, चेंडू येण्यापूर्वी निर्णय घेतलेला असणं हे शिकवायला युरोपातल्या अकादम्या वर्षानुवर्षं घालवतात. याला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याला ते येत होतं.

त्याचा संघ एका गोलनं हरला. त्यानं बूट काढले आणि कडेला थांबलेल्या दुसऱ्या शाळेच्या पोराला दिले. गल्लीतलाच दोस्त, दोघांत मिळून एकच जोड. मी विचारलं, "आता पुढची मॅच कधी?"

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "सर घेऊन आले तर."

या लेखासाठी संपादकांनी विषय दिला होता 'उमलण्याआधी'. कुठे जायचं हे मला लगेच सुचलं. मी खानदेशातला. धुळ्यात आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या पायाला चेंडू चिकटायचा. त्याला खेळताना पाहायला वरच्या वर्गातली मुलं डबे घेऊन मैदानाच्या कडेला बसत. तो पुढे कुठे गेला, असा प्रश्न आम्ही कुणी कधी विचारलाच नाही, कारण कुठे जाता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून या पावसाळ्यात आणि त्याआधीच्या हिवाळ्यात जळगाव, भुसावळ आणि धुळ्याची मैदानं पालथी घातली. चांगली पोरं नेमकी कुठे गळतात, हे पाहायचं होतं.

काळी माती आणि सराटे

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला सोन्यासारखी, पण फुटबॉलला वैरी. पावसाळ्यात ती बुटाला अशी धरते की पाय उचलताना दीड-दोन किलो माती सोबत येते. ऑक्टोबरच्या उन्हात तोच चिखल जसाच्या तसा वाळतो. पायांचे ठसे, बैलांचे खूर, सभेच्या मंडपाचे खड्डे सगळे दगडासारखे टणक होतात. चैत्र-वैशाखात जमिनीला भेगा पडतात, त्यात पाऊल अडकून घोटा मुरगळतो. आणि बारा महिने सराटे. चेंडूचा ब्लॅडर फुटतो तो किकनं क्वचितच, बहुतेक वेळा सराट्यानं किंवा बाभळीच्या काट्यानं.

याचा खेळावर काय परिणाम होतो ते धुळ्यातल्या एका क्रीडाशिक्षकांनी मला करूनच दाखवलं. त्यांनी एका मुलाकडे जमिनीलगत पास दिला. चेंडू तीनदा उडाला आणि मुलाच्या गुडघ्यावर आदळला. "आता सांगा, हा चेंडू पायाखाली घेईल की उडवून देईल?" मुलगा अर्थातच उडवून देतो. शंभर वेळा असं झालं की उडवून देणं हाच त्याचा खेळ होतो. मग प्रशिक्षकालाही लांब मारणारा आणि जोरात पळणारा मुलगा बरा वाटू लागतो. सपाट जमिनीवर वाढलेल्या मुलाचा चेंडूवरचा पहिला स्पर्श मऊ होतो. खानदेशातल्या मुलाचा तो स्पर्श नवव्या-दहाव्या वर्षी बिघडतो आणि पुढे कुठलंही शिबिर तो पूर्ण दुरुस्त करू शकत नाही.

हे सर मूळचे कबड्डीचे. बीपीएड केलेले, हजारावर मुलांच्या शाळेत एकटे. ऑनलाइन नोंदण्या, स्पर्धेच्या प्रवेशिका, निवडणुकीची ड्युटी, आणि कुणी रजेवर असलं की भूगोलाचा तास. तरी त्यांनी पदरचे पैसे घालून फुटबॉल प्रशिक्षकाचं डी-लायसन्स केलं. त्या कोर्सला जाईपर्यंत पोरांना रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावणं हाच सराव आहे असं त्यांना वाटायचं. "रांगेत तीस पोरं. एकेकाच्या वाट्याला तासाभरात पाच किका. बाकी वेळ उभं राहणं." आता ते चौघा-चौघांचे संघ करून छोट्या चौकोनात खेळवतात. चेंडू सतत पायाशी येतो, निर्णय सतत घ्यावा लागतो. आसपासच्या शाळांमध्ये असं खेळवणारे सर मला फार भेटले नाहीत.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्रभर एकाच दिवशी लाखो मुलांनी फुटबॉल खेळावा असा मोठा उपक्रम झाला. शाळाशाळांना चेंडू पोचले. त्या दिवसाबद्दल मी जिथे विचारलं तिथे चेहरे उजळले, इतका तो सुंदर गेला असावा. एका गावात त्यातला एक चेंडू अजून कपाटात आहे. हवा गेलेला, चपटा. सर म्हणाले, पंप नव्हता, आणि नंतर कुणी विचारलंही नाही.

भुसावळपेक्षा लहान देश

१८ नोव्हेंबर २०२५ ही तारीख भारतीय फुटबॉल पाहणाऱ्यांना विसरता येणार नाही. त्या दिवशी ढाक्यात आपण बांगलादेशकडून एका गोलनं हरलो. त्याच तारखेला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये कुरसाव नावाच्या कॅरिबियन बेटानं बरोबरी साधली आणि २०२६च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. कुरसावची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. २०११च्या जनगणनेत आपल्या एकट्या भुसावळ शहराची लोकसंख्या १ लाख ८७ हजार होती.

हे वाचून मी कितीतरी वेळ कागदावर आकडे मांडत बसलो. जळगाव जिल्हा ४२ लाखांचा, धुळे २० लाखांचा. दोनदा विश्वविजेता झालेला उरुग्वे देश ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे जळगाव जिल्ह्याहून लहान. २०१८च्या विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेला क्रोएशियाही आता ४० लाखांच्या आत आहे. लुइस सुआरेझ आणि एडिन्सन काव्हानी हे दोघं उरुग्वेतल्या साल्तो गावात १९८७ साली तीन आठवड्यांच्या अंतरानं जन्मले. साल्तो साधारण लाखभर वस्तीचं, अमळनेर-चाळीसगावएवढं.

तेव्हा माणसं कमी आहेत, असं आपण म्हणू शकत नाही. पैसा कमी आहे हे खरं, पण उरुग्वे काही युरोपातला सधन देश नाही. तिथे 'बेबी फुटबॉल' म्हणून जे चालतं त्यात तेरा वर्षांपर्यंतची मुलं मोहल्ल्यातल्या क्लबाकडून आठवड्याच्या सुट्टीला सामना खेळतात. क्लब आईबापच चालवतात. कुणी कपडे धुतं, कुणी चहापाणी बघतं. सामना असतोच. हरलात तरी पुढच्या आठवड्याला असतो.

कुरसावचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँडमध्ये वाढले, तिथल्या क्लबांच्या शाळांमध्ये तयार झाले. रक्त त्या बेटाचं असलं तरी त्यांचा खेळ सपाट गवतावर, शिकलेल्या प्रशिक्षकाखाली, दर आठवड्याच्या सामन्यांतून घडला. दीड लाखाच्या बेटाला विश्वचषक दिसला तो यामुळे.

आइसलँडला आपल्या उलट अडचण होती, तिथे थंडीनं मैदानं गोठतात. साडेतीन लाखांच्या त्या देशानं छत असलेली फुटबॉल सभागृहं बांधली, शाळांशेजारी छोटी मैदानं केली आणि सात-आठ वर्षांच्या मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक दिले. त्यांनीच २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं. आपल्याकडे जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. छत बांधणं आपल्याला परवडणार नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने खानदेशात फुटबॉलला इतके छान असतात की देवानं खास दिल्यासारखे. आणि नेमक्या याच चार महिन्यांत शाळेचा फुटबॉल बंद असतो. दिल्लीची अंतिम स्पर्धा गाठायची म्हणून जिल्ह्याच्या फेऱ्या पावसाळ्यात उरकाव्या लागतात. त्यानंतर स्नेहसंमेलनं, सराव परीक्षा, आणि मैदानावर टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा. एक पैसा खर्च न करता बदलता येईल अशी ही गोष्ट आहे आणि ती कुणाच्या अजेंड्यावर नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

पंधरा सामन्यांचं गणित

जळगावच्या त्या सकाळी मैदानाच्या कडेला बसून मी एक हिशोब केला. बाद फेरीच्या स्पर्धेत समजा सोळा संघ आहेत. सामने होतात पंधरा. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात, म्हणजे निम्मी मुलं वर्षात एकच सामना खेळतात, चार संघ दोन, दोन संघ तीन आणि अंतिम फेरी गाठणारे चार. दहा-दहा मिनिटांचे डाव धरले तर निम्म्या मुलांच्या वाट्याला वर्षभरात वीस मिनिटांचा खरा फुटबॉल येतो. युरोपातला तेरा वर्षांचा क्लबचा मुलगा हंगामात पंचवीस-तीस सामने सहज खेळतो. त्याच्यात आणि आपल्या डाव्या पायाच्या पोरात गुणवत्तेचं अंतर किती आहे ते मला ठाऊक नाही, पण सामन्यांचं अंतर मोजता येतं.

यात आणखी एक मेख आहे. बाद फेरीत चूक करायला जागाच नसते. हरलं की संपलं. म्हणून सर धोका पत्करत नाहीत, मुलाला ड्रिबल करू देत नाहीत, "मार, मार पुढे!" एवढंच कडेवरून ओरडत राहतात. त्यांना दोष कसा देणार? शाळेत परत गेल्यावर निकाल विचारला जातो. चुकून शिकायचं वय असतं दहा ते तेरा, आणि आम्ही नेमकं तेच वय वर्षाच्या एका सामन्यावर टांगून ठेवलं आहे.

मुलींचं वर्ष तर याहून लहान. काही ठिकाणी गटात दोन-तीनच शाळा उतरतात, कधी एकच. मग ती शाळा न खेळताच पुढे जाते आणि वरच्या फेरीत वर्षभर सराव करणाऱ्या मोठ्या शहराच्या संघासमोर उभी राहते. तिथे आठ-नऊ गोल खाऊन आलेल्या मुली पुढच्या वर्षी नाव देत नाहीत.

रावेरकडचे एक केळीउत्पादक बापू मुलाला मोटारसायकलवरून खेळायला घेऊन आले होते. मी त्यांना हे गणित सांगितलं. त्यांना समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "म्हंजे पूर्वी आम्ही पाटाचं पाणी सोडायचो तसं," ते म्हणाले. "एकदाच धो धो, मग पंधरा दिवस कोरडं. निम्मं वाहून जायचं. ठिबक आलं तवा कळलं, झाडाला रोज थोडं लागतं." ज्या जिल्ह्यानं देशाला ठिबक शिकवलं, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नव्हतीच.

एक जून

खेड्यापाड्यांतल्या संघांचे जन्मदाखले चाळले तर एक तारीख पुन्हा पुन्हा दिसते: एक जून. आपल्या पिढीच्या आईबापांना हे माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला घेऊन बाप यायचा, गुरुजी अंदाजानं वर्ष ठरवून एक जून लिहून टाकायचे. आता जन्मनोंदणी सुधारली, तरी दुर्गम पाड्यांतून अशा तारखा अजून येतात. यात लबाडी नसते, पण वयोगटाच्या खेळात तिचे परिणाम होतात.

लबाडीही असते. चौदा वर्षांखालच्या गटात ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा मी डोळ्यांनी पाहिला आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला फाटका पोरगाही पाहिला. फुटबॉल महासंघ आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ताडणारी टीडब्ल्यू३ चाचणी घेतो. पण ती मोठ्या स्पर्धांच्या दारात. तालुक्याच्या मैदानावर सगळा भरवसा दाखल्यावर. शिवाय हाडं कुणाची लवकर पिकतात, कुणाची उशिरा, त्यामुळे प्रामाणिक मुलगाही त्या एक्स-रेत अडकू शकतो.

पण वय खरं असलं तरी प्रश्न सुटत नाही. गटाची रेषा एक जानेवारीला असते. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघं कागदावर एकाच वयाचे. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि चार-पाच किलो वजन. निवडीच्या दिवशी वीस मिनिटांत डोळ्यांत भरतो तो मोठा. जगभरच्या निवड संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते, ती यामुळेच.

मग काय होतं? मोठा निवडला जातो. तो पुढे उभा राहतो, लांबचा चेंडू गाठतो, ताकदीनं गोल करतो. चेंडू कसा थांबवायचा, गर्दीतून वाट कशी काढायची, हे शिकायची वेळच त्याच्यावर येत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे उंचीनं त्याला गाठतात आणि याच्याकडे दुसरं काहीच नसतं. लहानखुरा मुलगा, ज्याला ताकद नव्हती म्हणून डोकं वापरावं लागत होतं, तो तेराव्या वर्षीच घरी पाठवलेला असतो. दोघंही जातात. खानदेशातली, आणि खरं तर देशातली, फुटबॉलची गळती माझ्या मते इथे सर्वांत मोठी आहे. ती दिसत नाही, कारण निवड झालेल्याची बातमी येते, घरी गेलेल्याची येत नाही.

सोळाशे मीटर

धुळ्यात पहाटे साडेपाचला मैदानावर गेलात तर अंधारात पन्नास-साठ पोरं धावताना दिसतात. पोलीस भरती. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. शहराला राज्य राखीव दलाच्या गट सहाचं ठाणं आहे, त्यामुळे खाकीचं स्वप्न इथे रोज डोळ्यांसमोरून संचलन करत जातं.

त्यातला एक बावीस वर्षांचा तरुण शाळेत असताना डावा बचावपटू होता, राज्यस्तरापर्यंत गेलेला. धावणं संपल्यावर त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून फाइल काढली. लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, वर्षवार लावलेली. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी ही फाइल. दहावीलाही तिचा उपयोग झाला होता, खेळाचे वाढीव गुण मिळाले होते. हे गुण जास्तीत जास्त पंचवीस.

"पूर्ण नव्वद मिनिटांची मॅच शेवटची कधी खेळलास?"

त्यानं बराच वेळ आठवलं. "दोन वर्षं झाली असतील."

नववीपासून संध्याकाळी पाच ते आठ क्लास सुरू झाले, तसा सराव सुटला. प्रमाणपत्र आधीच मिळालं होतं. मी अनेक घरांत हेच ऐकलं. शाळा, पालक, मुलगा, सगळ्यांची नजर त्या कागदावर असते, आणि कागद हाती आला की खेळाचं काम संपतं. त्याच्या वडिलांनी मला अहिराणीत एकच वाक्य सांगितलं: "पोऱ्या चांगला खेयस भो, पन पुढे काय?"

या प्रश्नाला आपण हसू नये. तो बरोबर प्रश्न आहे. कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्या माणसानं मुलाचं सोळावं-सतरावं वर्ष कशाच्या भरवशावर फुटबॉलला द्यायचं? साक्री तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळी आटोपली की ऊसतोडणीला गुजरातेत जातात. फुटबॉलचे ते चार सोन्यासारखे महिने त्यांची पोरं फडाशेजारच्या कोप्यात घालवतात. पळण्यात, दमसासात ही आदिवासी पोरं कुणाला ऐकणार नाहीत. आश्रमशाळेत टिकून राहिलेल्यांना निदान मैदान तरी मिळतं.

महाराष्ट्र एक्स्प्रेस

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, मनमाड, पुणे करत जाते. एकाच गाडीत बसून फुटबॉल नसलेल्या गावातून फुटबॉल जगणाऱ्या गावात उतरता येतं.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमी आहेत. तालीम कुस्तीची, पण संघ फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर साखळी सामने महिनोन्महिने चालतात, पेठा रिकाम्या होतात. साखळी म्हणजे हरलं तरी पुढचा सामना ठरलेला. तिथला पोरगा भावाला, काकाला, गल्लीतल्या दादाला खेळताना बघत मोठा होतो. तालमी आमच्या धुळ्यातही आहेत, लाल मातीही आहे, ईर्ष्या तर भरपूर. फक्त त्या तालमींनी कधी चेंडू उचलला नाही.

२०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि पुढे वरिष्ठ संघापर्यंत पोचला. मात्र कोल्हापुरातूनही तिथवर पोचणारे मोजके आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्या २०१७च्या संघाचंही पाहा. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगनं हेडर मारून विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे राहिलो होतो. त्या मुलांना तीन-चार वर्षं एकत्र ठेवून, परदेशी नेऊन, भरपूर सामने देऊन तयार केलं होतं. मग इंडियन ॲरोज या संघातून त्यांना मोठ्यांच्या साखळीत खेळवलं. जिक्सन, अमरजितसारखे काही टिकले. कितीतरी जण मोठ्या क्लबांच्या बाकावर बसून राहिले, कारण गोल करायची जागा क्लब परदेशी खेळाडूला देतात. अठरा ते एकवीस या वयात सामना मिळाला नाही की आधीची सगळी मेहनत गंजते. इंडियन ॲरोजही २०२२ मध्ये बंद झाला.

खानदेशच्या पोराला रात्रीच्या गाडीनं जाता येतील असे क्लबही एकेक करून मिटले. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, आपल्या अकादमीसाठी नावाजलेला पुणे एफसी २०१५ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. पूर्वी रेल्वे, बँका, एअर इंडियासारख्या संघांतून खेळाडूला नोकरी लागायची. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्या नोकरीच्या आठवणी सांगणारी वयस्कर माणसं अजून भेटतात. "पुढे काय" या प्रश्नाला तेव्हा निदान एक उत्तर होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला. त्या वेळी राज्याच्या 'महादेवा' प्रकल्पात तेरा वर्षांखालची तीस मुलं आणि तीस मुली पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी निवडल्या गेल्या. मला या योजनेबद्दल आनंद आहे. त्या साठ जणांचं आयुष्य बदलेल. पण आपल्याकडे प्रत्येक योजना निवडीपासून सुरू होते. निवडायला आधी पीक हवं. चाचणीला हजार मुलं येतात, साठ घेतली जातात, आणि उरलेल्या नऊशे चाळीस जणांना सांगायला आमच्याकडे "पुढच्या वर्षी ये" एवढंच असतं. त्यांच्यापैकी कुणाला पंधराव्या वर्षी सूर सापडला असता, हे कधीच कळणार नाही.

रविवार

जानेवारीतल्या एका रविवारी भुसावळला गेलो होतो. रेल्वेच्या जुन्या वसाहतीपलीकडे एक पडीक जागा. सकाळी साडेसातची थंडी, श्वासाची वाफ दिसत होती. चाळिशीतले चार-पाच जण खराट्यानं सराटे झाडत होते. सगळे आपापल्या काळी शाळेसाठी खेळलेले. एक लोको शेडमध्ये, एक औषधांच्या दुकानात, एक शिक्षक, एकाचा रसवंतीचा गाडा. त्यांनी संस्था काढलेली नाही, फलक नाही, उद्घाटन झालेलं नाही. बांबूचे चार गोल आहेत आणि फक्कीनं आखलेली दोन छोटी मैदानं.

बारा वर्षांखालची मुलंमुली. सहा-सहांचे सहा संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीअखेर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सामने. करंडक नाही, प्रमाणपत्रही नाही. हे दुसरं त्यांनी मुद्दाम ठरवलं आहे. प्रमाणपत्र दिलं की मोठी पोरं लहानांत घुसतात, असं रसवंतीवाले म्हणाले. जन्मदाखला विचारत नाहीत, उंची बघून गट करतात. आयांना कडेला बसवतात आणि "मार पुढे" ओरडायला बंदी आहे. सुरुवातीला ओरडणारे जास्त करून बापच होते, आता तेही गप्प बसायला शिकले आहेत.

खर्च किती, मी विचारलं. चेंडू, फक्की, पंप, पाण्याचा जार. "आणि केळी," औषधवाले म्हणाले. केळी एका पालकाच्या वखारीतून येतात.

यातून देशाचा खेळाडू निघेल का, असं मी त्यांना विचारलं नाही. विचारणार होतो, पण तेवढ्यात एका मैदानावरचा सामना संपला. पाच-दोन. हरलेल्या संघातली एक मुलगी, दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेले, धापा टाकत आली आणि जारखाली तोंड धरून पाणी प्यायली. मग ओल्या हनुवटीनंच शिक्षकांकडे वळली.

"सर, पुढच्या रविवारी आमची कोणाशी?"

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बोट फिरवत तिच्या संघाची ओळ शोधली.